दुखरा कान आणि औषधाची पारख

मृगाचा पाऊस एकदा आमच्या या डोंगरकुशीत उतरला, की नवरात्राची चाहूल लागेपर्यंत तो काही मागे हटत नाही. लोंढ्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या टपांवर तो वाजतो, घरांच्या कौलांवर वाजतो, आणि वर्गाच्या पत्र्यावर तर असा वाजतो, की शिकवणाऱ्यास आपलाच आवाज ऐकू येऊ नये. या दिवसांत हजेरी घेताना आम्हांस दरवर्षी एक देखावा हटकून दिसतो. प्रत्येक वर्गात दोन-तीन मुले कानात कापसाचा बोळा खुपसून, मान एका बाजूस कलती करून बसलेली असतात. विचारले, तर उत्तर ठरलेले: "कान फुटला." आमच्या घरच्या कोंकणीतही ‘कान फुटलो’ असेच म्हणतात. शब्द इतका सवयीचा झाला आहे, की त्याच्या उच्चाराने कोणीही दचकत नाही. पाऊस आला, ओढ्याला पूर आला, कान फुटला. सारे एकाच सुरात सांगितले जाते.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्राचा आम्हांस अधिकार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. तरीही शाळेच्या वार्षिकातील ही पाने आम्ही कानाच्या दुखण्यासाठी खर्च करीत आहोत, त्यास कारण आहे. त्या दुखण्यावर आपण जी औषधे देतो, ती का देतो व त्यांनी नेमके किती साधते, याचा विचार करणे हे केवळ डॉक्टरांचे काम नव्हे. ज्यांच्या घरी मूल आहे आणि ज्यांच्या वर्गात मूल आहे, त्या सर्वांचे ते काम आहे. शिवाय या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे, तीही येथे कबूल करावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसे. प्रश्न विचारला, तर आमच्या तोंडाकडे टक लावून पाही आणि भलतेच उत्तर देई. शुद्धलेखनात ‘धन’ सांगितले तर ‘दन’ लिही, ‘भार’ सांगितला तर ‘बार’. वर्ग हसे. एकदा आम्हीही हसलो, आणि एकदा रागाच्या भरात त्यास सर्वांदेखत ‘मठ्ठ’ म्हटले. पुढे एके दिवशी वह्या तपासताना तो जवळ येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या कानाजवळून येणारी दुर्गंधी आम्हांस जाणवली. चौकशी केली, तेव्हा कळले, की पहिलीत असल्यापासून त्याचे दोन्ही कान वाहत होते. घरच्यांनी हयगय केली होती, असेही म्हणता येईना. दर पावसाळ्यात त्याच्या वडिलांनी औषधाच्या दुकानातून कॅप्सुला आणल्या होत्या. दोन-तीन दिवस त्या दिल्या होत्या, पू थोडा ओसरला की उरलेल्या फडताळात ठेवल्या होत्या, आणि पुढच्या पावसात त्याच पुन्हा बाहेर काढल्या होत्या. औषधाचा पैसा खर्च झाला, औषध पोटात गेले, आणि मुलाचे ऐकणे मात्र वर्षावर्षाने कमी होत गेले. तो मठ्ठ नव्हता. त्यास ऐकू येत नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही या विषयावर जे वाचता आले ते वाचले, आणि डॉक्टरमंडळी भेटतील तेथे त्यांना विचारून घेतले. त्याचे सार आमच्या समजुतीप्रमाणे पुढे मांडीत आहोत.

प्रथम कानाची घडण पाहू. बाहेरून दिसतो तो कान म्हणजे केवळ दरवाजा. आत बोळासारखी वाट, वाटेच्या शेवटी पातळ पडदा, आणि पडद्यामागे वाटाण्याएवढी हवेची पोकळी. हा मधला कान. या पोकळीतून एक अरुंद नळी घशाच्या मागच्या बाजूस उतरते. इटलीतील सोळाव्या शतकातील शरीरशास्त्रज्ञ युस्टाकियो यांच्या नावावरून तिला यूस्टेशियन नळी म्हणतात. आपल्याकडच्या घरांना जशी पन्हळ, तशी ही मधल्या कानाची पन्हळ. मोठ्या माणसात ती उतरती असते. लहान मुलात ती आखूड व जवळजवळ आडवी असते. पन्हळीस उतार नसला की पाणी तुंबते, हे ज्याने कौलारू घर पाहिले आहे त्यास सांगावयास नको. मुलास सर्दी झाली, की या नळीचे तोंड सुजून बंद होते, आतला स्राव तुंबतो, आणि घशातील जंतू तेथे वाढू लागतात. पडदा फुगतो, ठणका लागतो, ताप येतो. आणि कधी पडदा फुटून पू बाहेर पडतो. म्हणजे कानाच्या या दुखण्याचे मूळ बहुधा नाकात व घशात असते, कानात शिरलेल्या पाण्यात नसते. यावरून कानात कोमट तेल घालणे, लसणीची पाकळी कढवून तिचे थेंब सोडणे, आगकाडीने कोरणे, हे उपाय किती वृथा आहेत, हे सहज ध्यानात येईल. फुटलेल्या पडद्यातून तेच तेल आत जाते, एवढीच त्यांची कर्तबगारी.

आता औषधाकडे वळू. ज्या औषधांना पुस्तकी भाषेत प्रतिजैविके आणि घरोघरी ‘अँटिबायोटिक’ किंवा नुसते ‘पॉवरचे औषध’ म्हणतात, त्यांच्याविषयी आम्हांस अनादर नाही. उलट कृतज्ञताच आहे. ही औषधे येण्यापूर्वी मधल्या कानातील पू कानामागच्या हाडात उतरे, तेथून कधी मेंदूपर्यंत पोचे, आणि सुदृढ मूल आठवड्याभरात दगावे. हाड पोखरून पू काढण्याची शस्त्रक्रिया त्या काळी रुग्णालयांत नित्याची होती. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांस पेनिसिलिनचा शोध लागला. स्वतंत्र भारताने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन केला, आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आमच्या आजोबांच्या पिढीने ते जणू अमृत म्हणून पाहिले, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही.

परंतु अमृत झाले, तरी ते कोणाला, केव्हा आणि किती, हा प्रश्न उरतोच. औषध घेतले व मूल बरे झाले, एवढ्यावरून औषधानेच ते बरे झाले असे म्हणणे, म्हणजे कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, असे म्हणण्यासारखे आहे. मग पारख करावी कशी? विद्यार्थिमित्रहो, ही रीत तुम्ही अवश्य समजून घ्या. गणिताच्या तासाइतकीच ती सोपी आहे. कान दुखणारी दोनशे मुले घ्यावीत. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन सारखे गट करावेत. एका गटास खरे औषध द्यावे, दुसऱ्यास दिसायला व चवीला तसेच, परंतु आत औषध नसलेले द्रव्य द्यावे. कोणास काय मिळाले, हे मुलास, आईबापांस, इतकेच काय तपासणाऱ्या डॉक्टरासही कळू देऊ नये. मग ठरल्या दिवशी दोन्ही गटांतील बरी झालेली मुले मोजावीत. दोहोंत जो फरक पडेल, तेवढेच औषधाचे श्रेय. बाकीचे श्रेय निसर्गाचे.

असे प्रयोग जगात अनेक झाले. नेदरलँड्समध्ये व्हान बुखेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. कारण औषध न मिळालेली बहुतेक मुलेही जवळजवळ तितकीच चांगली बरी झाली होती. पुढे कॉक्रेन या नावाच्या अभ्यासमंडळाने औषध व नकली औषध यांची तुलना करणारे १३ प्रयोग एकत्र केले. त्यांत सुमारे ३,४०० मुले होती. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: औषध द्या अगर न द्या, १०० पैकी ६० मुलांचे दुखणे पहिल्या चोवीस तासांतच थांबते. त्या पहिल्या दिवशी, म्हणजे मूल सर्वांत अधिक कळवळत असते तेव्हा, प्रतिजैविकाचा उपयोग दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडा फरक दिसतो. पण तो केवढा? २० मुलांना औषध द्यावे, तेव्हा त्यांतील एका मुलाचे लांबणारे दुखणे टळते. पडदा फुटण्याचे संकट ३३ मुलांमागे एकाचे टळते. आणि तीन महिन्यांनी कानांची तपासणी केली, तर दोन्ही गटांत फरक सापडत नाही. आता जमेची बाजू मांडली, तशी खर्चाचीही मांडली पाहिजे. औषध घेणाऱ्या दर १४ मुलांमागे एकास केवळ त्या औषधामुळे उलट्या, जुलाब किंवा अंगावर पुरळ, यांपैकी काहीतरी सोसावे लागते.

वाण्याच्या वहीत असा हिशेब लिहिलेला असता, तर आपण म्हटले असते: व्यापार तोट्याचा नसेल, पण फायद्याचाही मोठा नव्हे.

हा हिशेब आमच्या स्वतःच्या घरी पारखून पाहण्याची वेळ आमच्यावर आली. आमची मुलगी पाच वर्षांची असताना श्रावणातील एका रात्री तिचा उजवा कान ठणकू लागला. पाऊस कोसळत होता, वीज गेली होती, मुलगी उशीवर डोके टेकू देईना. आमच्या मातोश्री तेलाची वाटी तापवू लागल्या. ती आम्ही हातातून काढून घेतली, तेव्हा त्या रुसल्या. सकाळी बेळगावास तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नळीतून कान पाहिला, ताप पाहिला, दुसरा कानही पाहिला, आणि वजनाच्या मानाने दुखणे शमवणारे पॅरासिटामॉल लिहून दिले. प्रतिजैविक दिले नाही. म्हणाले, "दोन दिवस वाट पाहू. दुखणे वाढले, ताप चढला, पू आला किंवा कानामागे सूज दिसली, तर थांबू नका, तडक या." घरी परतल्यावर मातोश्री म्हणाल्या, "एवढे पैसे मोजले आणि औषध दिलेच नाही? डॉक्टर कसला हा!" खरे सांगावयाचे, तर तो दिवस आम्हीही घड्याळाकडे पाहून काढला. वाचलेले आकडे एका बाजूस, आणि पोटच्या पोरीचा हुंदका दुसऱ्या बाजूस. परंतु संध्याकाळी ती भात जेवली, आणि तिसऱ्या दिवशी अंगणात पागोळ्यांखाली हात धरून उभी राहिली. कॅप्सूल दिली असती, तर मातोश्रींनी तिचेच गुण गायले असते.

येथे कोणी म्हणेल, की मग प्रतिजैविक नकोच, असे तुमचे मत झाले काय? तसे मुळीच नव्हे. आमचे म्हणणे अर्धेच उचलून कोणी घरी नेऊ नये, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो.

वर दिलेला हिशेब सरसकट मुलांचा आहे. सर्व मुले सारखी नसतात. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सहा प्रयोगांतील १,६४३ मुलांची वेगवेगळी छाननी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांखालील ज्या बालकांचे दोन्ही कान धरले होते, त्यांत औषधाविना १०० पैकी ५५ जणांस काही दिवसांनंतरही दुखणे किंवा ताप राहिला. औषध मिळालेल्यांत हीच संख्या ३० होती. ज्या मुलांचा कान नुकताच वाहू लागला होता, त्यांत तर ६० विरुद्ध २४ असा फरक पडला. हा फरक लहान नव्हे. २०११ साली फिनलंडमधील टुर्कू येथील प्रयोगाने असेच दाखवले. तेथे सहा महिने ते तीन वर्षे या वयाची, काटेकोर तपासणी करून निवडलेली ३१९ मुले होती. औषध मिळालेल्यांत १०० पैकी सुमारे १९ जणांत उपचार फसला, न मिळालेल्यांत सुमारे ४५ जणांत. मात्र जुलाब होणाऱ्यांची संख्या अनुक्रमे ४८ व २७ अशी होती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली सुधारलेल्या नियमांत या सर्वांचा मेळ घातला आहे: तान्ह्या वयात दोन्ही कान धरले असल्यास, कान वाहत असल्यास, किंवा दुखणे व ताप तीव्र असल्यास प्रतिजैविक द्यावे, मोठ्या मुलाचे दुखणे सौम्य असल्यास डॉक्टरांच्या नजरेखाली दोन-तीन दिवस वाट पाहण्यास हरकत नाही.

‘डॉक्टरांच्या नजरेखाली’ हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले आहेत. कारण येथेच आपला आणि त्या देशांचा रस्ता वेगळा होतो. कॉक्रेनने एकत्र केलेले हे प्रयोग संपन्न देशांतील मुलांवर झाले. तेथे दुखणे वाढले, तर तासाभरात मूल डॉक्टरांसमोर असते. आमच्या तालुक्यात भीमगडच्या रानातील गवाळी, आमगाव यांसारखी गावे आहेत. पावसाळ्यात ओढे भरले, की तेथून निघणे हीच मोठी मोहीम. लोंढ्याहून बेळगाव सुमारे ५० किलोमीटर. आमच्यासारख्या पगारदारास ते जवळ, मोलमजुरी करणाऱ्या मातेस मात्र एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे इतके दूर. ‘वाट पाहू’ हा सल्ला ज्यास परत येण्याची सोय आहे, त्यासच शोभतो. जागतिक आरोग्य संघटनेने गरीब देशांतील आरोग्य केंद्रांसाठी केलेल्या नियमावलीत कान दुखत असल्यास किंवा १४ दिवसांपेक्षा कमी काळ वाहत असल्यास पाच दिवस अमॉक्सिसिलिन द्यावे असे सांगितले आहे, त्यामागे हेच व्यवहारज्ञान आहे. तेव्हा आमच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी रानातून आलेल्या मुलास औषध दिले, आणि शहरातल्या डॉक्टरांनी आमच्या मुलीस दिले नाही, यात विसंगती काही नाही. दोघांनीही समोरचे मूल पाहूनच निर्णय केला. शहाणपण गोळीत नसते. ते तपासणीत असते.

आता जुन्या, वाहत्या कानाची गोष्ट. ही आपल्या भागाची खरी पीडा, आणि येथेच आपली समजूत सर्वांत अधिक चुकते. कान दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहत राहिला, की ते दुखणे निराळे होते. ठणका थांबतो, ताप येत नाही, म्हणून घरात कोणी घाबरत नाही. पडद्यास भोक राहते, आतील नाजूक हाडे झिजतात, आणि मूल हळूहळू बहिरे होऊ लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालाप्रमाणे जगात वाहत्या कानाचे रुग्ण साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी असावेत, आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांचे ऐकणे बरेच कमी झालेले असते. या दुखण्यात पोटातून घ्यावयाच्या गोळ्यांपेक्षा कान कोरडा करणे व डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविकाचे थेंब कानात घालणे, हे अधिक गुणकारी ठरले आहे. वर सांगितलेल्या नियमावलीतही वात वापरण्याची रीत दिली आहे. स्वच्छ, पाणी शोषणाऱ्या मऊ कापडाची वात करावी, हलकेच कानात ठेवावी, ओली झाली की काढून दुसरी घ्यावी. वात कोरडी निघेपर्यंत असे करावे, दिवसातून तीनदा, आणि मग थेंब घालावेत. वात आत ठेवून निजू नये. तेल नको, काडी नको, ओढ्यात डुंबणे नको. काम सोपे आहे, परंतु चिकाटीचे आहे. म्हणूनच ते होत नाही. कॅप्सूल गिळणे एका क्षणाचे, आणि वात फिरवणे दोन आठवड्यांचे. आपण क्षणाचा मार्ग निवडतो, आणि मूल जन्माचे मोल देते.

त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. जेथे गोळीचा उपयोग नव्हता, तेथे ती वर्षानुवर्षे दिली गेली; आणि कदाचित पहिल्या पावसात, तो लहान असताना, जेव्हा पुरे पाच दिवस ती पोटात जावयास हवी होती, तेव्हा दोनच दिवसांत थांबली. हेच आमच्या लेखाचे मध्यवर्ती सूत्र समजा. आपल्या समाजात प्रतिजैविके फार दिली जातात, असे म्हणणे पुरे खरे नाही. फार थोडी दिली जातात, असे म्हणणेही खरे नाही. ती चुकीच्या जागी दिली जातात आणि योग्य जागी अर्धवट सोडली जातात, हे खरे आहे.

याचा परिणाम एकाच घरापुरता राहत नाही. अर्धवट मारलेले जंतू शहाणे होतात. जे उरतात ते औषधास न जुमानणारे असतात, आणि त्यांचीच प्रजा पुढे वाढते. खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात अपुऱ्या मात्रेच्या या धोक्याची सूचना देऊन ठेवली होती. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधास दाद न देणाऱ्या जंतूंमुळे मृत्यू पावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी पुढे प्रसिद्ध केला. आपल्या सरकारनेही पावले टाकली आहेत. २०१४ सालापासून काही प्रबळ प्रतिजैविके विकताना दुकानदारास रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव निराळ्या वहीत नोंदवावे लागते, आणि २०१६ साली औषधाच्या पाकिटावरील लाल रेघ ओळखा, अशी मोहीम काढण्यात आली. विद्यार्थिमित्रहो, घरी जाऊन फडताळातील औषधांची पाकिटे एकदा पाहा. ज्यावर उभी लाल रेघ आहे, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाचे नसते. आजीला, आईला ती रेघ दाखवा. वाचता येणाऱ्याने न वाचणाऱ्यास सांगावे, यासाठीच तर शाळा असते.

आमच्या या म्हणण्यावर पालकांचा एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो खरा आहे. ते म्हणतात, "गुरुजनहो, तुम्ही सांगता ते ठीक, पण दुकान कोपऱ्यावर आहे, आणि डॉक्टर गावाबाहेर. दुकानदार चार प्रश्न विचारून पन्नास रुपयांत सुटका करतो. आम्ही काय करावे?" यावर उपदेश करणे सोपे, उत्तर देणे कठीण. कानात पाहण्याची दुर्बिणीसारखी छोटी नळी आणि ती वापरणारा माणूस, ही दोन्ही प्रत्येक आरोग्य केंद्रात हवी, ही मागणी आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे. ती एकट्यादुकट्या पालकाची लढाई नव्हे. परंतु जे आहे, त्याचाही आपण पुरा उपयोग करीत नाही. २०१३ साली महाराष्ट्रात पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मधल्या कानाच्या दुखण्याचा उल्लेख तपासावयाच्या विकारांत स्पष्टपणे आहे. त्याप्रमाणे आरोग्य पथकाने शाळेत वर्षातून एकदा व अंगणवाडीत दोनदा येऊन मुले तपासावयाची असतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये, आणि आम्ही शिक्षकांनीही तो दिवस अभ्यास बुडाला म्हणून कुरकुरत काढू नये.

रोग होऊच नये, यासाठीही काही हाती आहे. तान्ह्यास आईचे दूध मिळावे. निजवून बाटलीने दूध पाजू नये. घरात विडी-सिगारेटचा व चुलीचा धूर कोंडू देऊ नये. या कानदुखीस कारण होणाऱ्या न्यूमोकोकस जंतूंच्या काही प्रमुख जातींवरील लस २०२१ सालापासून देशभर सरकारी लसीकरणात विनामूल्य मिळू लागली आहे. तिचे सर्व डोस बालकास मिळाले की नाही, हे लसीकरणाच्या कार्डावर पाहावे.

आणि शिक्षकबंधुभगिनींस एक विनंती. वर्गातील जे मूल प्रश्न दोनदा विचारावयास लावते, तोंडाकडे टक लावून पाहते, ‘ध’ चा ‘द’ करते, त्यास काही म्हणण्यापूर्वी त्याचा कान पाहावा. आम्ही ते केले नाही. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगितल्याविना लेख पुरा होणार नाही. त्याच्या वडिलांबरोबर आम्ही बेळगावास गेलो. कान, नाक, घसा यांच्या डॉक्टरांनी थेंब व वाती यांचा क्रम लावून दिला. त्याची थोरली बहीण रोज तीनदा ते काम न चुकता करीत असे. मुलीच्या हाताला आलेली ती चिकाटी आम्ही विसरणार नाही. दीड महिन्यात दोन्ही कान कोरडे झाले. परंतु एका कानाचे ऐकणे बरेच गेले होते, ते परत आले नाही; पडद्याचे भोक शस्त्रक्रियेने शिवता येईल, असे डॉक्टर म्हणाले. आम्ही त्यास पहिल्या बाकावर, बरा कान आमच्याकडे येईल असा बसवला. वर्षअखेर तो वर्गात पहिला आला, असे लिहिता आले असते, तर गोष्ट गोड झाली असती; तसे झाले नाही. तो साध्या गुणांनी उत्तीर्ण झाला. परंतु शुद्धलेखनाच्या शेवटच्या वहीत त्याने ‘धन’ हा शब्द बरोबर लिहिला होता, आणि त्याखाली आम्ही लाल शाईने खूण केली, तेव्हा आमचाच हात थरथरला.

औषध ही मोठी देणगी आहे. देणगी पारखून वापरणे हा तिचा मान, आणि वाटेल तशी उधळणे हा तिचा अपमान. येत्या मृगात पुन्हा पत्रे वाजू लागतील आणि कोणाच्या तरी घरात मध्यरात्री मूल कान धरून रडेल. त्या रात्री दुखणे शमवणारे औषध द्यावे, तेलाची वाटी दूर ठेवावी, आणि सकाळी दुकानाकडे न वळता डॉक्टरांकडे जावे. त्यांनी गोळी दिली तर ती पुरी घ्यावी. नाही दिली तर रुसू नये. इतके झाले, तरी पुढल्या वर्षी हजेरीच्या वेळी कापसाचे बोळे कमी दिसतील, अशी आम्हांस आशा आहे.